प्रबंध, साठ कलमं आणि आईची सोलं

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, मी कुडाळ तालुक्यातली. यंदा बी.एस्सी. कृषी झाले. एम.एस्सी.ला काढणीपश्चात तंत्रज्ञान मिळतंय. बाबांची हापूसची 60 कलमं आहेत, 1993 साली रोजगार हमीच्या फळबाग योजनेत लावलेली. आई दर मे महिन्यात सोलं, म्हणजे कोकमाची आमसुलं, करून विकते. बाबा म्हणतात, प्रबंध लिहून आंबा पिकत नाही, ते सगळे कपाटात जातात. पदव्युत्तर संशोधनाचा शेतकऱ्याला खरंच उपयोग होतो का? होत असेल तर मी विषय कसा निवडू?"

बाबांवर रागावू नकोस. ते म्हणतात त्यातलं निम्मं खरं आहे. मी 27 वर्षं फळप्रक्रिया शिकवली आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांची मार्गदर्शक म्हणून काम केलं. त्यातले बरेच प्रबंध सोनेरी अक्षरांच्या बांधणीत ग्रंथालयात गेले आणि पुन्हा कुणी उघडले नाहीत. काहींवर माझी सही आहे. ही गोष्ट मला आजही लागते, म्हणून तुला लांबलचक उत्तर लिहिते आहे.

पण उरलेलं निम्मं बाबांच्याच बागेत उभं आहे. त्यांना विचार, 1993 साली ती 60 कलमं कुठल्या पद्धतीने बांधलेली होती. फार करून ती कोय कलमं असतील. त्याआधीच्या पिढीत भेट कलमं बांधायचे. रोप मातृवृक्षाच्या फांदीपाशी नेऊन, मचाणावर किंवा फांदीला टांगून ठेवायचं, दोघांच्या साली तासून एकमेकींना बांधायच्या आणि जोड बसेपर्यंत महिनोन्‌महिने पाणी घालत राहायचं. एका झाडाला अशी बांधून बांधून किती कलमं बांधणार? 1970 च्या दशकात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात कोय कलमाची पद्धत बसवली गेली. कोय रुजून आलेलं, अजून तांबूस पानांचं असं जेमतेम दोन आठवड्यांचं रोप घ्यायचं, त्यात पाचर मारून हापूसची काडी बसवायची आणि पट्टी गुंडाळायची. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ती जीव धरते. मग एक माळी दिवसाला शेकड्याने कलमं बांधू लागला. 1990 साली सरकारने रोजगार हमीतून फळबागा द्यायचं ठरवलं तेव्हा लाखोंनी कलमं लागणार होती. भेट कलमांवर ती योजना चाललीच नसती.

आता या पद्धतीच्या पोटात किती बारके प्रश्न आहेत ते बघ. रोप कितव्या दिवशीचं घ्यायचं? काडी किती महिन्यांची, किती जाडीची? काडीवरची पानं आधी छाटायची का, छाटायची तर किती दिवस आधी? कुठल्या पंधरवड्यात बांधलं तर शंभरातली किती जगतात? एकेका प्रश्नाला एकेक पावसाळा लागतो. पाच जणांचा पगारदार शास्त्रज्ञगट असल्या प्रश्नामागे वर्षानुवर्षं बसत नाही. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी बसतो, कारण त्याला दोन वर्षं आहेत, एक प्रश्न आहे आणि रोज सकाळी जाऊन रोपं मोजायचा उत्साह आहे. शेतीतलं नवं काही बहुतेक वेळा असंच येतं, थोडं थोडं करून, आणि शेवटी जी शिफारस छापून येते तिच्यावर कुणाचंच नाव नसतं.

तुमच्या घरात सोलं होतात, म्हणून कोकमाचंही सांगते. कोकमात नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. बी लावली तर साधारण निम्मी झाडं नर निघतात, आणि ते कळायला पहिला फुलोरा यावा लागतो, म्हणजे सहा-सात वर्षं. तोवर माणसाने खत घातलेलं असतं, कुंपण केलेलं असतं. म्हणून कोकणात कोकमाची बाग म्हणून कुणी लावत नसे. बांधावर, परसात, ओढ्याच्या काठाला आपोआप आलेलं झाड हेच कोकम. मृदकाष्ठ कलमाने, म्हणजे रोपाच्या कोवळ्या खोडावर बांधायच्या कलमाने, हे बदललं. मादी झाडाची काडी आणून बांधली की मादीच झाड मिळणार, आणि परागीकरणापुरती शंभरात दहाएक नर झाडं ठेवली की झालं.

पण त्यातही एक खोच निघाली. कोकमाच्या झाडाला दोन प्रकारच्या फांद्या असतात. काही सरळ वर जाणाऱ्या, काही आडव्या पसरणाऱ्या. आडव्या फांदीची काडी घेऊन कलम बांधलं तर ते जगतं, छान हिरवं राहतं, पण आयुष्यभर आडवंच वाढतं. वेलीसारखं जमिनीलगत पसरतं, झाडाचा आकार घेतच नाही. सरळ फांदीचीच काडी घ्यावी लागते आणि तशा काड्या झाडावर थोड्याच असतात. रोपवाटिकेत हाताखालची माणसं बदलली की ही गोष्ट विसरली जाते. कुडाळच्या बाजारात कोकमाचं कलम घ्यायला गेलीस तर आधी शेंड्याकडे बघ. तो सरळ वर जात असेल तरच घे. एवढ्या एका निरीक्षणावर शेतकऱ्याची दहा वर्षं वाचतात.

हापूसच्या साक्याची हकिगत याहून मोठी आहे आणि अजून संपलेली नाही. आंबा बाहेरून सोन्यासारखा. कापला की कोयीभोवती पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर निघतो. काही बागांत काही वर्षी हे प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत जातं, आणि पेटी फोडणाऱ्या गिऱ्हाइकाला ते कापल्याशिवाय कळत नाही, म्हणून बदनामी सगळ्या पेटीची होते. सुरुवातीच्या संशोधनाने जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेकडे बोट दाखवलं. झाडाखाली वाळल्या गवताचं आच्छादन करा, फळ चौदा आण्याला, म्हणजे पुरतं तयार व्हायच्या थोडं आधी, उतरवा, उन्हात ढीग ठेवू नका, अशा शिफारशी त्यातून आल्या आणि त्या उपयोगीही पडल्या. पुढे बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या कामाने दाखवलं की मूळ गडबड कोयीत आहे. फळ अजून झाडावरच असताना आतलं बी रुजायच्या तयारीला लागतं आणि भोवतालच्या गराची घडण बिघडते. आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघ. चौदा आण्याला उतरवण्याचा सल्ला बरोबरच होता, फक्त तो का लागू पडतो हे नंतर कळलं. पहिल्या संशोधकांनी फळं कुठल्या दिवशी उतरवली, त्यातली किती बिघडली याचे आकडे प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते, म्हणून नंतरच्यांना नवा अर्थ लावता आला. कारणमीमांसा बदलली तरी नीट घेतलेली नोंद वाया जात नाही.

याच्या उलट अनुभव पॅक्लोब्युट्राझोलचा. बाबा त्याला कल्टारच म्हणत असतील. हापूस एकाआड वर्ष धरतो, म्हणून दापोलीत यावर काम झालं. हे द्रव्य झाडातल्या जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाला आवर घालतं, पालवी कमी येते आणि मोहोर लवकर व भरपूर निघतो. शिफारस अगदी मोजकी आहे: झाडाच्या घेराच्या व्यासाला मीटरमागे 3 मिली, 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान, बुंध्याभोवती पहारीने भोकं पाडून पाण्यातून ओतायचं. पण बागा करारावर जाऊ लागल्या, आणि दोन हंगामांसाठी बाग घेणाऱ्याला झाडाच्या विसाव्या वर्षाची काळजी कशाला असेल? व्यास न मोजता अंदाजाने ओतणं, खत न घालता ओतणं, म्हाताऱ्या झाडांना ओतणं सुरू झालं. आखूड झालेल्या, खुंटलेल्या फांद्या तू स्वतः पाहिल्या असशील. इथे मूळ संशोधन खोटं नव्हतं. पुढचे प्रश्न मात्र मागे राहिले: मातीत ते किती काळ टिकतं, कुठल्या झाडाला थांबवायचं, थकलेलं झाड परत कसं आणायचं. हे सगळे विषय तुझ्या पिढीचे आहेत.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण विषय निवडण्याबद्दल मला जे कळलं ते तिथून कळलं.

माझ्याकडे एक विद्यार्थी होता. विषय ठरला आमसूल वाळवण्याचा: ट्रे-ड्रायर चांगला की ऊन चांगलं. आम्ही व्यवस्थित आखणी केली. तापमानाच्या तीन पातळ्या, जाडीच्या दोन, आणि तुलनेसाठी उन्हात वाळवलेली आमसुलं. ही उन्हातली आमसुलं आम्ही कॉलेजच्या गच्चीवर, स्वच्छ ताडपत्रीवर, रसात दोनदा बुडवून वाळवली. ड्रायरची आमसुलं रंगाला उजवी आली, ओलावा एकसारखा आला, चाखणाऱ्या समितीने नऊ गुणांच्या मोजपट्टीवर त्यांना वरचे गुण दिले. प्रबंध उत्तम झाला. त्याला पदवी मिळाली, मला समाधान मिळालं.

पुढच्या मे महिन्यात आम्ही ती आमसुलं घेऊन एका गावात बचत गटाच्या बायकांकडे गेलो. त्यातल्या एका आजीने एक उचललं, बोटांत दाबलं, जिभेवर ठेवलं आणि परत ताटात ठेवून दिलं. "ह्यां सोल न्हय, ही साल," म्हणाल्या. त्यांच्या घरी रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीला रसाची सात पुटं चढतात. रोज संध्याकाळी साली उचलून मीठ घातलेल्या रसात घालायच्या, सकाळी परत उन्हात. सातव्या पुटानंतर ते सोल काळंभोर, मऊ, चकचकीत होतं, आणि मुंबईचं ठरलेलं गिऱ्हाईक त्यालाच पैसे मोजतं. आम्ही ज्याच्याशी तुलना केली होती ते सोल कुणीच करत नव्हतं आणि कुणीच विकत घेत नव्हतं. आमचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, आमच्या सोयीचा होता. त्यामुळे ड्रायर जिंकला खरा, पण कुणाविरुद्ध जिंकला हे सांगता येईना.

दोष त्या मुलाचा नव्हता. आराखड्यावर सही माझी होती, आणि सही करण्याआधी मी एकाही घरात एप्रिलमध्ये जाऊन बसले नव्हते. त्यानंतर मी नियम केला: तुलनेची ट्रीटमेंट म्हणजे शेतकरी आज जे करतो तेच, त्याच्या हातचं, त्याच्या अंगणातलं. त्यात काही गोंधळ असेल तर तो गोंधळही मोजायचा.

आणि मोजणं सोपं नसतं. त्याच गावात मी विचारलं, रसात मीठ किती घालता? "पसाभर," उत्तर आलं. "मोजून कोण घालता? हाताक कळता." मग प्रत्येकीला तिचा पसा तराजूत टाकायला सांगितला. दर हाताचा पसा वेगळा निघाला, एकाच बाईचा सकाळचा आणि संध्याकाळचाही वेगळा. तरी त्यांची सोलं दरवर्षी एकसारखी होतात, कारण त्या रस चाखून मीठ घालतात, म्हणजे रसाच्या आंबटपणाप्रमाणे हात कमीजास्त होतो. प्रयोगशाळेत आपण आम्लता टायट्रेशनने काढतो आणि त्यावरून मीठ ठरवतो, तेच काम त्या जिभेने करतात. या दोन्हींना जोडणारा तक्ता आजही कुणी केला तर मला आनंद होईल. तुझी आई हे काम करते. तुला घरातच मार्गदर्शक आहे, हे विसरू नकोस.

आता तुझ्या दोन वर्षांचा हिशोब. नव्या अभ्यासक्रमात एम.एस्सी.चे 70 श्रेयांक आहेत आणि त्यातले 30 प्रबंधाचे. कागदावर हे भरपूर वाटतं. प्रत्यक्षात प्रवेश होईपर्यंत पावसाळा सरतो, पहिली दोन सत्रं वर्गात जातात, मग सल्लागार समिती, मग आराखडा. भात किंवा भाजीपाला घेणाऱ्याला एखादा हंगाम जास्त मिळतो. आंबा, काजू, कोकम घेणाऱ्याच्या हातात दोन वर्षांत दोन मे महिने येतात, आणि पहिला मे आराखडा मंजूर होण्याच्या गडबडीत निघून जातो. उरतो एक. त्या एका मेमध्ये अवकाळी पाऊस आला, किंवा त्याआधी मोहोरावर तुडतुडे किंवा फुलकिडे पडले की प्रबंधाचं काय होतं ते मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. म्हणून पहिला मे कुणी मागितला नसला तरी वापरायचा. मार्गदर्शक ठरलेले असोत नसोत, छोट्या प्रमाणावर सगळा प्रयोग एकदा करून बघायचा. कुठला नमुना बुरशी धरतो, कुठली बाटली फुगते, दिवसाला तुझ्या एकटीच्याने किती किलो रातांबे फोडून होतात, हे त्या रंगीत तालमीत कळतं. माझ्या ज्या विद्यार्थ्यांनी ही तालीम केली त्यांचे प्रबंध वेळेत झाले.

प्रयोग छोटा ठेव. सात ट्रीटमेंट (तपासायचे प्रकार) आणि तीन रिप्लिकेशन (प्रत्येकाच्या पुनरावृत्ती) घेतलीस की त्रुटीसाठी बारा मुक्तांश (डिग्रीज ऑफ फ्रीडम) मिळतात, बहुतेक संख्याशास्त्राचे शिक्षक तेवढे तरी मागतात, आणि झाडांवरचा प्रयोग असेल तर 21 झाडं लागतात. 21 झाडांवर रोज लक्ष ठेवता येतं. मुलं उत्साहात पंधरा-वीस ट्रीटमेंट मांडतात आणि मग तिसऱ्या आठवड्यापासून नोंदी अंदाजाने भरू लागतात. ते पाप करू नकोस. एखाद्या दिवशी नोंद राहिली तर जागा रिकामी सोड आणि कारण लिही. आणि दोन ट्रीटमेंटमध्ये फरक सिद्ध झाला नाही म्हणून रडत येऊ नकोस. महाग डबा आणि साधी बरणी यांत सहा महिने आगळ (कोकमाचा खारवलेला रस) सारखंच टिकतं असं निघालं, तर तुझ्या आईचे पैसे वाचले. शेतकऱ्याला याहून चांगली बातमी कुठली?

विषयाची पाटी कोरी आहे असं धरून बसू नकोस. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं कृषिकोश नावाचं भांडार आहे, देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध त्यात वाचायला मिळतात. कोकमावरचे, काजूच्या बोंडूवरचे, आंब्यावरचे प्रबंध काढ आणि शेवटचं प्रकरण आधी वाच, जिथे "पुढील संशोधनाची दिशा" लिहिलेली असते. मग आकडे बघ. एकच विषय पिकाचं नाव बदलून किती वेळा झाला आहे ते तुझं तुला दिसेल. त्यातला सगळ्यात नेमका, सगळ्यात कंटाळवाण्या तपशिलाने लिहिलेला प्रबंध शोध आणि त्याच्या पुढे एक पाऊल टाक. मराठी विद्यार्थ्याला आणखी एक काम मी आग्रहाने सांगते. प्रबंध इंग्रजीत जाईल, पण दोन पानांचं मराठी टिपण सोबत लिहायचं आणि ज्यांच्या अंगणात नमुने घेतले त्यांना नेऊन वाचून दाखवायचं. वाचताना ज्या वाक्याला त्या बायका हसतील ते वाक्य प्रबंधातही परत तपासायचं.

अर्थशास्त्राच्या पानाबद्दल थोडं. प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी नफा-खर्चाचं गुणोत्तर असतं आणि बहुतेक वेळा ते सगळ्यात कच्चं पान असतं. त्यात घरच्या बाईची मजुरी शून्य धरलेली असते. तुझी आई पहाटे चारला उठून रातांबे फोडते, त्याचे तास घड्याळ लावून लिही आणि गावात मजुरीचा जो दर चालू आहे तो लाव. सोलांचा धंदा नफ्याचा आहे की नाही हे तेव्हाच कळेल. आणि यंत्राची खरी गरज कुठे आहे, फोडायला की वाळवायला, हेही त्या तासांवरूनच दिसेल.

कपाटातून शेतापर्यंतचा रस्ता कसा आहे, हे बाबांनाही सांग. एका विद्यार्थ्याच्या एका हंगामावरून शिफारस होत नाही, आणि होऊही नये. चांगला निष्कर्ष निघाला तर संशोधन केंद्रावर तो पुढे काही हंगाम, वेगवेगळ्या ठिकाणी तपासतात. मग तो चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, ज्याला आम्ही जॉइंट ॲग्रेस्को म्हणतो, मांडला जातो. राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथली माणसं तिथे प्रश्न विचारून घाम काढतात. तिथे टिकला तर तो शिफारस म्हणून छापला जातो आणि कृषी विज्ञान केंद्रं तो शेतकऱ्यांच्या बांधावर करून दाखवतात. यात वर्षं जातात. तोवर विद्यार्थी कुठल्या तरी बँकेत किंवा खत कंपनीत लागलेला असतो, आपल्या कामाचं काय झालं ते त्याला कळतही नाही. मला वाटतं, हा दुवा तुटणं हेच प्रबंध कपाटात राहण्याचं मोठं कारण आहे. मार्गदर्शक निवडताना एवढं विचार: तुमच्या आधीच्या विद्यार्थ्यांचं काम पुढे कोण चालवतंय? ज्यांच्याकडे एकाच प्रश्नावर विद्यार्थ्यांमागून विद्यार्थी बसले आहेत त्यांच्याकडे जा. तिथे तुझा एक हंगामसुद्धा मोठ्या नोंदीचा भाग होईल.

एक अवघड गोष्टही सांगायला हवी. वसतिगृहात तुला बरीच मुलं-मुली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताना दिसतील. एम.एस्सी.ची दोन वर्षं त्यांना अभ्यासिका म्हणून हवी असतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. घरी कोरडवाहू दोन एकर असतील आणि धाकटी भावंडं असतील तर सरकारी नोकरीची वाट धरणं हे शहाणपणच आहे. पण मग विषय असा निवडावा की त्यात कुणाचं झाड, कुणाचा हंगाम अडकणार नाही. शेतकऱ्याने विश्वासाने दिलेल्या 21 झाडांवर अर्धवट लक्ष ठेवणं बरोबर नाही. तू काय करणार आहेस ते पहिल्याच महिन्यात स्वतःशी ठरव. पुढे पीएच.डी.कडे वळायचं असेल तर कृषी अनुसंधान परिषदेची शिष्यवृत्ती आहे, शिवाय सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. घरचा उद्योग वाढवायचा असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या पंतप्रधान योजनेत भांडवली खर्चावर 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान आहे. ते कर्जाशी जोडलेलं आहे, हे लक्षात ठेवून अर्ज कर.

तुझ्यासाठी विषय? मी असते तर तीन गोष्टींकडे बघितलं असतं. काजूचे बोंडू हा पहिला. बी काढून घेतली की तिच्या सहा-आठ पट वजनाचं फळ काजीखाली कुजतं. गोव्यात त्याची फेणी होते, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते गुरांपुढे जातं किंवा मातीत. घशाला लागणारा तुरटपणा साबुदाण्याच्या खळीने खाली बसवता येतो, हे माहीत आहे. अडचण वेळेची आहे. उन्हात पडलेला बोंडू काही तासांत आंबायला लागतो, म्हणून कारखान्यापर्यंत पोचतच नाही. पण यावर बरीच माणसं आहेत.

दुसरी गोष्ट कोकम सरबताचा रंग. तो अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो आणि उजेड व उष्णता दोन्हींनी उडतो. महामार्गाकडेच्या टपऱ्यांवर पारदर्शक बाटल्या मे महिन्याच्या उन्हात मांडलेल्या असतात. प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या कपाटात सहा महिने रंग टिकला असं लिहिणारे प्रबंध तुला मिळतील. टपरीच्या फळीवर तो किती दिवस टिकतो हे कुणी तरी मोजायला हवं.

तिसरी गोष्ट तुझ्या आईची, आणि मला विचारशील तर हीच. रातांबे एप्रिलअखेरीपासून पिकायला लागतात आणि जूनमध्ये पाऊस उतरला तरी झाडावर माल असतो. पावसात भिजलेलं फळ पाणचट होतं, गळतं, आणि वाळवायला ऊन नसतं. कोकण अमृतासारख्या लवकर येणाऱ्या जातीने नव्या लागवडीचा प्रश्न थोडा सुटतो, पण परसातली जुनी झाडं कुणी तोडत नाही. त्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांतल्या मालाचं काय करायचं? चौथ्या पुटावर आभाळ भरून आलं तर अर्धवट सोलं चुलीच्या धगीवर, नारळाच्या सोडणाच्या जाळावर पुरी करता येतील का, आणि ती आजीच्या बोटांना आणि जिभेला चालतील का? तुलनेला आईची सात पुटांची सोलं. चाखायला मुंबईला माल घेणारं गिऱ्हाईक आणि गावातल्या बायका, आमच्यासारखे प्राध्यापक नंतर.

पण आधी आकडा हवा. तुमच्या घरी किती रातांबे दरवर्षी पावसात जातात हे आईलाही नक्की माहीत नसेल. येत्या मेपासून झाडावरचा माल संपेपर्यंत झाडाखाली रोज सकाळी पडलेली फळं गोळा कर. चांगली एका टोपलीत, भिजून फुटलेली दुसऱ्या टोपलीत, आणि दोन्ही तोलून वहीत तारखेसमोर लिही. पावसाचे मिलिमीटर जवळच्या संशोधन केंद्रावरून घे. बाबांना वजनकाटा धरायला सांग. ती वही घेऊन मार्गदर्शकांकडे जा.